हिल्डाचा बोलका नकाशा

मुंबईत त्या काळी जी माणसं लिफ्टने वर जात होती, त्यांतली बरीचशी हिल्डा तुस्कानोच्या बोटांवरून वर जात होती. त्यांना ते ठाऊक नव्हतं, आणि हिल्डालाही त्याचं काही वाटत नव्हतं. ती राहायची वसईजवळच्या गासला, बैठ्या घरात. स्वतः लिफ्टमध्ये ती उभ्या जन्मात दोनदा चढली, दोन्ही वेळा नणंदेच्या बाळंतपणाला. दोन्ही वेळा तिने आधी बटणाच्या कडेला नख घालून पाहिलं, आपल्याकडचं आहे का ते.

वालीवच्या एका गाळ्यात लिफ्टच्या बटणांची पॅनेलं बनत. हिल्डा तिथे बावीस वर्षं सोल्डर मारत होती. सकाळी वाडीतली वांगी, वाल काढून नवऱ्याच्या, गॅब्रिएलच्या सायकलला टोपल्या बांधून द्यायच्या आणि मग वालीव गाठायचं. बटण दाबल्यावर बोटाला जो बारीकसा टक लागतो, तो किती असावा हे अख्ख्या गाळ्यात तिला एकटीला कळायचं. नवा इंजिनिअर आला की कागदावर आकडा लिहायचा. हिल्डा बटण दाबून बघायची आणि म्हणायची, "ह्याला म्हातारी मानसं दोनदा दाबतील." म्हातारी माणसं दोनदाच दाबत. पॅनेल परत यायचं, हिल्डा आतली पत्र्याची पट्टी वाकवून द्यायची, आणि इंजिनिअरला बढती मिळायची. हिल्डाच्या ओळखपत्रावर बावीस वर्षं एकच शब्द होता. हेल्पर.

दोन हजार तीन साली शेठने गाळा सिल्वासाला हलवायचं ठरवलं. तिकडे करात सूट होती. "हिल्डा, तू पण चल," शेठ म्हणाला. जेवायला बसल्यावर दारात कोणी आलं की आपण 'या जेवायला' म्हणतो, त्या सुरात.

"आनि वाडीला पानी कोन देनार, शेठ? तुम्ही?"

शेठ हसला. म्हणजे विषय संपला. गाळा दिवाळीनंतर बंद होणार होता.

त्याच सुमारास वसईत इतिहासाची साथ आली होती. जिथे तिथे नवे टॉवर उभे राहत होते, आणि टॉवरमध्ये राहायला आलेल्या मंडळींना खिडकीतून दिसणाऱ्या गावाला काही इतिहास असावा असं वाटू लागलं होतं. जुन्या गावांना तसं कधी वाटलं नव्हतं, कारण त्यांना तो रोज अंगणात आडवा यायचा. तर किल्ल्याच्या रस्त्यावरच्या एका जुन्या गोदामात 'वारसा दालन' करायचं ठरलं, त्याची समिती झाली आणि समितीचे अध्यक्ष झाले शत्रुघ्न चौधरी, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक चौधरी सर. सरांना अध्यक्ष करावं लागत नसे. ते बसले की ती खुर्ची अध्यक्षाची व्हायची.

मुंबईहून जितेश नावाचा सल्लागार आणला. बाहेर शिकून आलेला, खांद्याला लॅपटॉपची बॅग, पायात उंच बूट. त्याने पहिल्याच सभेत सांगितलं, "सर, काचेच्या पेटीतला इतिहास आता डेड आहे. लोकांनी इतिहास अनुभवला पाहिजे. आपण पूर्ण तालुका जमिनीवर मांडू. छत्तीस गावं. तुम्ही चालत जाणार, ज्या गावावर पाय पडेल ते गाव स्वतः बोलणार."

"कोणाच्या आवाजात?" सरांनी विचारलं.

"कोणी चांगला आवाज..."

"माझा चालेल," सर म्हणाले. तोही प्रश्न सुटला.

आता जमिनीखालची बटणं करायची कोणी, तेव्हा सरांना गासचा नाताळचा गोठा आठवला. आदल्या वर्षी हिल्डाने गोठ्यातल्या मेंढपाळाला गाडीच्या वायपरची मोटर बसवली होती. बाळ येशूपुढे माणूस आला की मेंढपाळ मान लववायचा, आणि माणूस गेला की थांबायचा. पंचक्रोशीतून लोक आले होते. फादरांना शेवटी सांगावं लागलं, मेंढपाळाला बघा पण आत मिस्साच्या प्रार्थनेलाही या.

सर स्वतः गासला आले. हिल्डाने ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"सर, माझा गाळा बंद होतोय. हे झाल्यावर पुढं काय?"

"उद्घाटनाच्या दिवशी नकाशा बोलला, तर देखभालीचं पद तुमचं. कायमचं. नेमणूकपत्रासह."

"पत्रावर काय लिहिनार?"

सरांना हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. "जे काम कराल, तेच लिहिणार. दुसरं काय?"

हिल्डा कबूल झाली. गॅब्रिएल रात्रीच्या जेवणाला म्हणाला, "पत्रावर काय लिहितात याच्यावर का अडलीस? पोळी तीच भाजायची हाय."

"बावीस वर्षं मी कोन हाय ते दुसऱ्यानं लिवलंय," हिल्डा म्हणाली. "एकदा खरं लिवलेलं वाचायचंय."

काम तिने असं केलं. जितेशने आणायला सांगितलेल्या परदेशी वस्तूंची यादी बाजूला ठेवली आणि कॉम्प्युटरचा एक जुना कीबोर्ड फोडला. आतली हिरवी पाटी काढली, तिच्या प्रत्येक कळीला दोन वायरी जोडल्या. इंग्रजी अक्षरं सव्वीस, आकडे दहा, गावं छत्तीस. हे तिला पहिल्या दिवशीच आवडलं होतं. अर्नाळ्यावर पाय पडला की कॉम्प्युटरला वाटायचं कोणीतरी ए दाबलाय, नायगावावर पडला की एन. कॉम्प्युटर मग त्या त्या गावाचा आवाज सोडायचा. जमिनीवर प्लायवूड, त्यावर दोन धातूच्या पट्ट्या, मध्ये भोक पाडलेला गादीचा स्पंज. वरून वजन आलं की पट्ट्या भेटायच्या.

"आंटी, चाळीस किलोला ट्रिगर झालं पाहिजे," जितेश म्हणाला. "कुत्रा-मांजर आलं तर बोलायला नको."

"हाताच्या उंचीवर केलं तर? टेबलावर? मानूस हात लावतो, बाबा. पायानं कोन बटन दाबतं?"

"नाही नाही, आंटी. पूर्ण बॉडी इन्व्हॉल्व्ह झाली पाहिजे. तोच तर कन्सेप्ट आहे."

कन्सेप्ट म्हटल्यावर हिल्डाने पुढची वायर सोलायला घेतली. वालीवला कन्सेप्टला साहेबाचं डोकं म्हणत.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. घोटाळा झाला तो चित्रांचा. नकाशावर प्रत्येक गावाची खूण काढायची होती. चित्रकाराने निर्मळला देऊळ काढलं. लगेच शेजारच्या गावाचा माणूस सभेत उठला, आमचं देऊळ काय चोरीला गेलं? ते काढलं. मग चर्चवाल्या गावांनी विचारलं, आम्ही काल आलो का? चर्चं काढली. मग दर्गा राहिला, मग सोपाऱ्याचा स्तूप राहिला, मग ज्या गावात दोन देवळं त्यांनी दोन मागितली आणि ज्यांच्याकडे एकच होतं त्यांनी वेशीवरचा म्हसोबा पुढे केला. अकरा सभा झाल्या. सर सर्वांना न्याय देणारे. शेवटी नकाशा छापून आला तेव्हा त्यावर अशी वीतभर जागा उरली नव्हती, जिथे कोणाचा तरी देव उभा नव्हता. मोकळा होता तो फक्त समुद्र.

पहिली चाचणी एका रविवारी सकाळी ठेवली. गावोगावची माणसं बोलावली. माणसं आली, दाराशी चपला काढल्या आणि नकाशाच्या कडेला उभी राहिली. विहिरीत काही पडलं म्हणजे लोक कठड्याशी उभे राहतात, तशी.

"या, या, पुढे या," जितेश म्हणाला. "चाला त्याच्यावर."

कोणी हललं नाही. पाचूबंदरच्या रिटाबाई पुढच्या रांगेत होत्या. चाळीस वर्षं बाजारात मासळी विकलेली बाई, तिला बोलायला माईक लागत नसे.

"कशावर चालू? हे आमचं चर्च न हे? ह्याच्यावर पाय देऊ? फादरला इचारलंस का तू?"

"ते चित्र आहे, आंटी."

"तुझ्या आयचा फोटो टाक खाली. मंग बघू कोन चालतंय."

जितेश समुद्राच्या बाजूला सरकला. रिटाबाईच्या मागे आगाशीच्या बायका होत्या, त्यांनी आपलं देऊळ शोधलं, खाली वाकल्या, बोटं टेकवून कपाळाला लावली आणि मागे झाल्या. बोटांचं वजन कितीसं असणार? पट्ट्या भेटल्या नाहीत. गाव मुकंच राहिलं. त्या दिवशी ज्यांना चालायचंच होतं ते सगळे अरबी समुद्रावरून चालले. समुद्राखाली बटण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तातडीची सभा. एकाने सुचवलं, 'येथे पाय ठेवावा' अशी पाटी लावू. दुसऱ्याने सांगितलं, 'येथे थुंकू नये' ही पाटी आहेच की, तिचं काय झालं ते बघून या. मग जितेशने त्याच्या शास्त्रातला उपाय काढला. जिथे पाय ठेवायचा तिथे पांढऱ्या पावलांचं चित्र चिकटवायचं. जगभर असंच करतात. माणूस पाऊल बघतो आणि आपोआप त्यावर पाय ठेवतो.

छत्तीस गावांवर पावलं चिकटवली. दुसऱ्या चाचणीला आगाशीच्या बायका आल्या, त्यांनी देवळासमोर उमटलेली छोटी पांढरी पावलं पाहिली. एकीने दाराच्या तोरणातलं झेंडूचं फूल खुडलं. दुसरीच्या पिशवीत कुंकवाची डबी होती. दुपारपर्यंत अर्ध्या तालुक्यातल्या पावलांना हळदकुंकू लागलं होतं. ख्रिस्ती बायकांनी वळसा घातला, कोणाची पावलं आहेत ते कळेपर्यंत उगाच कशाला म्हणून. संध्याकाळी सरांनी स्वतः गुडघ्यावर बसून पावलं खरवडली, आणि आगाशीहून लगेच दोघं विचारायला आले, पावलं काढायचा अधिकार समितीला कोणी दिला.

उद्घाटनाला आठ दिवस उरले. हिल्डा पुन्हा सरांकडे गेली. "सर, नकाशा टेबलावर घेऊ या. चर्चच्या हॉलची टेबलं मी आनते."

सरांनी निमंत्रणपत्रिका पुढे केली. तिच्यावर सोनेरी अक्षरांत छापलं होतं, 'चला, इतिहासावर चालू या.' आठशे प्रती वाटून झाल्या होत्या.

"छापून झालं आहे, हिल्डाबाई," सर म्हणाले. मुख्याध्यापकाने असं म्हटल्यावर पुढे बोलायचं काही राहत नाही.

ती घरी आली. तिला राहून राहून त्या वाकलेल्या बायका दिसत होत्या. त्यांना हात लावायचाच होता, त्यांनी लावलाही होता. बटणंच बहिरी होती. चाळीस किलोची. "माझंच चुकलं," ती गॅब्रिएलला म्हणाली. "त्या पोराचं ऐकलं. लिफ्टला असं केलं असतं तर शेठनं पॅनेल डोक्यात घातलं असतं."

पुढचे दोन दिवस तिने गाळ्यातून रजा घेतली. नकाशा कडेने उचलला, प्रत्येक गावाखालचा गादीचा स्पंज काढला आणि पॅनेलं ज्यात गुंडाळून येत तो कागदासारखा पातळ फोम कापून घातला. मग प्रत्येक गाव एका बोटाने दाबून पाहिलं. तिच्या मते वसईच्या खाडीकडची तीन गावं जरा कडक होती, त्यांच्या पट्ट्या वाकवल्या. काम झाल्यावर सरांना सांगितलं, "स्पंज बदललाय."

"स्वच्छ आहे ना?" सर म्हणाले.

उद्घाटनाला पाहुणे म्हणून तालुक्यातलेच एक निवृत्त अधिकारी आले. त्यांनी बूट काढले, मोजे काढले, फीत कापली आणि नकाशापाशी येऊन थांबले. त्यांच्या समोर नेमकं त्यांचं गाव होतं आणि गावात त्यांचा कुलस्वामी.

"पुढे या, साहेब," सर म्हणाले.

"सर, तुम्ही आधी. तुम्ही ज्येष्ठ."

सरांनी खाली पाहिलं. सरांच्याही पायाशी कोणी ना कोणी होतंच. "छे छे, पाहुण्यांचा मान."

"मी काय, घरचाच."

असं चार-पाच वेळा झालं. फोटोग्राफरने कॅमेरा खाली घेतला. हिल्डा कोपऱ्यात कॉम्प्युटरच्या टेबलामागे उभी होती. दिवाळी होऊन गेली होती, गाळ्याला कुलूप लागलं होतं, आणि एका माणसाच्या कमरेकडे ती टक लावून बघत होती. वाक रे बाबा, ती मनात म्हणत होती. लाज वाटली तरी वाक.

साहेब वाकले. दोन बोटं कुलस्वामीच्या पायाशी टेकवली आणि कपाळाकडे नेली. बोटं कपाळाला लागायच्या आत छतातून चौधरी सरांचा आवाज आला, "हे गाव प्राचीन काळापासून..."

साहेब तसेच अर्धे वाकलेले थांबले. देवाने आपल्याशी शुद्ध मराठीत बोलावं याची त्यांना सवय नव्हती. मग टाळ्या पडल्या आणि एकच झुंबड उडाली. जो तो आपल्या गावावर वाकला. छत्तीस गावं आळीपाळीने, मग एकदम बोलू लागली, आणि सगळी सरांच्या आवाजात. कीबोर्डचा एक गुण असतो, तीन कळा एकदम दाबल्या तर कधीकधी न दाबलेली चौथी वाजते. तसं झालं. नायगाव, सांडोर आणि निर्मळच्या लोकांनी एकदम हात लावला आणि कोणी न विचारता वालीव बोलू लागलं. वालीवचं कोणी आलंच नव्हतं.

रिटाबाईंनी पाचूबंदर दोनदा ऐकलं. "आमच्या बंदराचं सांगतोय का शाळेचा निकाल वाचतोय?" त्या म्हणाल्या, पण तिसऱ्यांदाही वाकल्या.

दारापाशी जितेश वार्ताहराला सांगत होता, "आम्ही मुद्दाम नमस्काराचा जेश्चर डिझाइन केला. लोकल युजरचा खूप अभ्यास केला त्यासाठी." वार्ताहराने लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी छापूनही आलं, 'नमस्काराने बोलणारा देशातील पहिला नकाशा.'

आठवड्याने हिल्डाला पत्र मिळालं. तिने ते उभ्यानेच वाचलं. नेमणूक कायम होती. पद: सफाई कामगार.

"सर, हे काय?"

"त्याचं असं आहे," सर चष्मा पुसत म्हणाले. "आपल्या समितीच्या घटनेत पदं तीनच. लिपिक, पहारेकरी आणि सफाई. देखभालीचा करार जितेशच्या संस्थेबरोबर झाला, समितीचा तो निर्णय. तुम्ही असालच इथे. शब्दाने काय फरक पडतो?"

सरांनी उभा जन्म शब्दांच्या चुका काढण्यात घालवला होता. हिल्डाने त्यांच्या टेबलावरचं पेन उचललं. "बरं," ती म्हणाली आणि सही केली.

गॅब्रिएलला वाटलं होतं, ही पत्र फाडून येणार. "झाडू मारनार तू?"

"लिवलंय तेच करनार. लिवलंय त्याच्यापेक्षा बोटभर जास्त नाय."

आणि तिने तसंच केलं. आठला यायचं, झाडायचं, फडकं मारायचं. फडकं मारताना गावं एकामागून एक बोलायची. ती 'गप रे' म्हणत पुढे सरकायची. फेब्रुवारीत खाऱ्या वाऱ्याने पट्ट्या काळ्या पडू लागल्या. आधी अर्नाळा मुका झाला, मग किनाऱ्याची सगळी गावं, मार्चमध्ये सगळा तालुका. जितेशच्या संस्थेचा माणूस आला, त्याने टेबलाखालची पेटी उघडली आणि बसूनच राहिला. आत बहात्तर वायरी होत्या, सगळ्या एकाच राखाडी रंगाच्या, लिफ्टच्या. हिल्डाला त्या बोटांनी ओळखू यायच्या म्हणून तिने कधी खुणा केल्या नव्हत्या.

"आंटी, कुठली वायर कुठल्या गावाची?"

"ते तांत्रिक काम हाय, बाबा. माझ्या लेटरात नाय. पाय उचल, झाडायचंय."

जितेशचा फोन आला. तिने ऐकून घेतला आणि फडकं पिळलं. सरांनी बोलावून सांगितलं, हिल्डाबाई, हा गावाच्या इतिहासाचा प्रश्न आहे. ती म्हणाली, "सर, इतिहास स्वच्छ हाय. बोट लावून बघा, धूळ दिसली तर सांगा."

हे तिला सोपं जात होतं असं नाही. एका दुपारी गासचीच एक म्हातारी आली, भर उन्हात दोन बस बदलून. कमरेतून काटकोनात वाकलेलीच होती, तिला वेगळं वाकावं लागलं नाही. तिने चर्चवर हात ठेवला, छातीवर क्रूस केला आणि कान वर करून थांबली. पुन्हा हात ठेवला. "आमचंच गाव मुकं झालं का गो?" तिने हिल्डाला विचारलं. हिल्डाच्या पिशवीत स्क्रूड्रायव्हर होता. पेटी चार पावलांवर होती. पट्टीला पॉलिश पेपर मारायला दोन मिनिटं लागली असती. तिने झाडू दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि म्हणाली, "बंद हाय, आजी. समिती बघतेय." त्या रात्री ती जेवली नाही. गॅब्रिएलने ताट झाकून ठेवलं.

समिती खरंच बघत होती. एप्रिलपासून जूनपर्यंत सात सभा झाल्या. पहिल्या तीन सभांत हिल्डाला समज द्यावी असं ठरलं, पण झाडू मारते म्हणून समज कशी द्यायची याचा मसुदा सरांना जमेना. चौथ्या सभेत जितेशच्या संस्थेने नवा टच-स्क्रीन सुचवला, आणि कोणीतरी विचारलं, त्याच्यावर देवळं कोणाची काढायची. सगळे दचकले. टच-स्क्रीन तिथेच बारगळला.

जूनमध्ये सर दुसरं पत्र घेऊन आले. तांत्रिक सहायक.

हिल्डाने वाचलं. "सहायक म्हनजे इंग्लिशमध्ये काय, सर?"

सर इंग्रजीही शिकवत.

"हेल्परच ना?" तिने पत्र घडी करून परत दिलं. "बावीस वर्षं झालीत मला ते करून. आता माझ्या हाताखाली कोन असेल तर त्याला द्या."

जुलैत, दालनाला कोणी माणूस फिरकेनासा झाल्यावर, घटनेत दुरुस्ती झाली. तिसरं पत्र सरांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, टंकलेखकावर त्यांचा विश्वास उरला नव्हता. हिल्डा नकाशाच्या कडेला उकिडवी बसून समुद्र पुसत होती. तिने हात पदराला कोरडे केले आणि पत्र पहिल्या ओळीपासून वाचलं. जावक क्रमांक, दिनांक, संदर्भ, सगळं. मधोमध लिहिलं होतं, पद: तंत्रज्ञ.

तो शब्द तिने दोनदा वाचला. पत्र पर्समध्ये ठेवलं, झाडू आणि बादली उचलून सरांच्या पायाशी आणून ठेवली, आणि पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढत पेटीपाशी बसली.

"अर्ध्या तासात किनारा चालू होईल," ती टेबलाखालूनच म्हणाली. "पन सर, सफाईची जागा रिकामी झालीय. तिला मानूस बघा."

"त्यासाठी सभा घ्यावी लागेल," सर म्हणाले.

"घ्या की. तोवर झाडू तिथंच हाय."